कवळाण्याचा मुलगा आणि बडोद्याची गादी

नाशिक जिल्ह्याचा नकाशा आज एकसंध दिसतो, पण इंग्रजी अमलात तो तसा नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि गोदाकाठचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, तरी पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात पेठ आणि सुरगाणा ही दोन लहान संस्थाने उरली होती. पेठच्या घराण्यातील भगवंतराव यांना १८५७ च्या उठावाच्या वेळी फाशी देण्यात आले. त्याच घराण्यातील अखेरच्या बेगम १८७८ मध्ये वारल्या आणि पेठ खालसा झाले. सुरगाण्याचे देशमुख मात्र १९४८ पर्यंत टिकले. सागाची जंगले, नागली-वरईची शेती आणि कोकणा-वारली वस्ती असलेल्या या दोन संस्थानांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि तो कोणी तरी लिहिला पाहिजे.

नाशिक जिल्ह्याचा संस्थानी इतिहासाशी आलेला सर्वांत मोठा संबंध मात्र या डोंगरांत घडला नाही. तो घडला मालेगाव तालुक्यातील कवळाणे या साध्या शेतकरी गावात, आणि ज्या संस्थानाशी तो जोडला गेला ते होते गुजरातेतील बडोदे. हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीच्या, एकवीस तोफांच्या सलामीच्या मोजक्या संस्थानांपैकी ते एक होते. या संस्थानाच्या गादीवर १८७५ साली कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा बसला. तो गादीपर्यंत कसा पोहोचला, आणि तेथे बसल्यावर परकीय सत्तेच्या डोळ्यांदेखत त्याला काय करता आले व काय करता आले नाही, हे पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम दत्तकाची गोष्ट सांगावयास हवी, कारण ती ध्यानी घेतल्याखेरीज पुढचे काहीच उमगत नाही. हिंदू राजा निपुत्रिक असला तर दत्तक घेऊन वंश चालवावा, हा जुना रिवाज. लॉर्ड डलहौसीने तो मोडीत काढला. सार्वभौम सरकारच्या संमतीवाचून घेतलेला दत्तक राज्याचा वारस होऊ शकत नाही, असे ठरवून त्याने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले. मराठी माणसाच्या मनावर या दोन घटनांचा खोल घाव बसला. १८५७ च्या वणव्यानंतर इंग्रजांनी धोरण फिरवले. संस्थाने गिळण्यापेक्षा ती राखून त्यांच्याकडून निष्ठा मिळवणे अधिक स्वस्त, हा हिशेब त्यांनी मांडला आणि १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने राजेरजवाड्यांना दत्तकाच्या सनदा दिल्या. ही सनद नसती तर १८७५ साली बडोदे कदाचित मुंबई इलाख्याचा एक जिल्हा झाले असते. राज्य वाचले खरे, परंतु 'राज्य राहील, राजा कोण हे आम्ही पाहू' ही मेख सनदेच्या मागे होतीच.

गायकवाडांचे मूळ गाव पुण्याजवळचे दावडी. पिलाजीराव आणि त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी अठराव्या शतकात गुजरातेत मराठ्यांचा अंमल बसवला. पुढे वारसाहक्काची भांडणे, अरब शिबंदीचे थकलेले पगार आणि सावकारांचे कर्ज यांत राज्य रुतले तेव्हा इंग्रज मदतीस आले. १८०२ ते १८१७ या काळातील तहांनी फौज, परराष्ट्र व्यवहार आणि बराच मुलूख यांवरील ताबा गायकवाडांच्या हातून गेला. उरलेले राज्य सुमारे आठ हजार चौरस मैलांचे होते, पण सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत एकमेकांपासून तुटलेले. मध्ये इंग्रजी जिल्हे, काठेवाडातील लहानमोठी संस्थाने. आपल्याच राज्याच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना राजाला परक्या हद्दीतून जावे लागे.

१८५६ ते १८७० पर्यंत गादीवर असलेले खंडेराव महाराज शौकीन होते. मोत्यांचा एक गालिचा त्यांनी तयार करवून घेतला, तो मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता असे सांगतात. तो गालिचा मदिनेस गेलाच नाही. २००९ साली दोहा येथील लिलावात तो सुमारे पंचावन्न लाख डॉलरना विकला गेला. खंडेरावांनी आपल्या विरुद्ध कट केल्याच्या संशयावरून धाकटे बंधू मल्हारराव यांना पाद्र्याला कैदेत ठेवले होते. खंडेराव १८७० च्या नोव्हेंबरात वारले. राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. पुत्र झाला असता तर गादी त्याची होती, झाली कन्या. कैदेतून बाहेर आलेले मल्हारराव राजे झाले आणि जमनाबाई बडोदे सोडून गेल्या.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. भावाने चांदीच्या तोफा केल्या म्हणून यांनी सोन्याच्या ओतवल्या. जुन्या कारभाऱ्यांचा सूड घेतला गेला, रयतेवर सारा वाढला. १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली पहिले चौकशी मंडळ नेमले गेले आणि सुधारणेसाठी मुदत देण्यात आली. १८७४ मध्ये दादाभाई नौरोजी दिवाण झाले. राज्य सावरण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, परंतु एका बाजूला लहरी राजा आणि दुसऱ्या बाजूला कर्नल फेअर हा हट्टी रेसिडेंट, अशा कात्रीत ते सापडले. १८७५ च्या आरंभीच त्यांनी राजीनामा दिला.

तत्पूर्वी, ९ नोव्हेंबर १८७४ रोजी, बडोद्यास एक विलक्षण घटना घडली होती. सकाळच्या फेरफटक्यानंतर फेअर नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत घेऊ लागला. चव बिघडल्याने त्याने पेला टाकून दिला आणि तळाशी गाळ दिसला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले. संशय महाराजांवर आला. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा जणांच्या आयोगापुढे चौकशी चालली. तीन सदस्य इंग्रज होते, तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव. बचावासाठी विलायतेहून बॅलेंटाईन हा नामांकित वकील आणला गेला. त्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांच्या चिंधड्या उडवल्या.

निकाल काय लागला? तीन इंग्रजांना महाराज दोषी वाटले. तीन हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. आयोग बरोबर मधोमध फाटला. मग सरकारने युक्ती केली. विषप्रयोगाचा प्रश्न बाजूस सारून, गैरकारभार आणि गैरवर्तन या कारणासाठी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासेस पाठवून दिले. तेथेच १८८२ मध्ये ते वारले. ज्या आरोपासाठी न्यायासन मांडले त्यावर शिक्षा नाही, आणि ज्यासाठी शिक्षा झाली त्याची सुनावणी त्या न्यायासनापुढे नाही! मल्हाररावांविषयी फारशी आपुलकी नसलेली माणसेही यामुळे अस्वस्थ झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या प्रकरणात आवाज उठवला, वर्तमानपत्रे महिनोन्‌महिने त्याच विषयाने भरली, ते रंगभूमीवरही आले. नाटकांच्या प्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा सरकारने १८७६ मध्ये केला, त्यामागे जी कारणे होती त्यांत बडोद्याच्या प्रकरणाचाही वाटा होता.

मल्हाररावांना एक तान्हा मुलगा होता, पण त्याचा हक्क सरकारने नाकारला. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना परत आणून, त्यांनी गायकवाड कुळातील मुलगा दत्तक घ्यावा, अशी परवानगी देण्यात आली. अर्थात निवडीवर सरकारची मोहर उठल्याखेरीज ती पक्की होणार नव्हती. शोध सुरू झाला आणि तो नाशिक जिल्ह्यात येऊन थांबला. पिलाजीरावांचे एक पुत्र प्रतापराव, त्यांच्या वंशजांची शाखा कवळाण्यास शेती करून राहात होती. राजधानीशी तिचा संबंध तुटून पिढ्या लोटल्या होत्या. सरकारने वंशावळ तपासून पाहिली आणि काशीराव गायकवाडांच्या घरातील व भाऊबंदांतील मुले बडोद्यास नेण्यात आली. त्यांत मार्च १८६३ मध्ये जन्मलेला गोपाळ होता.

येथे एक आख्यायिका सांगितली जाते आणि ती नाशिककडील प्रत्येकाला ठाऊक असते. 'येथे कशासाठी आलात?' असे विचारता इतर मुले गोंधळली आणि गोपाळ म्हणाला, 'मी राज्य करायला आलो आहे.' गोष्ट गोड आहे. परंतु निवड मुलाच्या उत्तरावर झाली, एवढे मानण्याइतके आपण भाबडे नसावे. वयाने तो ना फार लहान ना फार मोठा, प्रकृतीने धडधाकट, दरबारातील कोणत्याही तटाशी त्याचा संबंध नाही, आणि अक्षरओळख जवळजवळ नाहीच, म्हणजे हवे तसे शिकवता येईल असा. इंग्रजांना हवा होता तो कोरा कागद त्यांना मिळाला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन गोपाळचा सयाजीराव झाला. सहाच महिन्यांत, नोव्हेंबर १८७५ मध्ये, प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्यास आले तेव्हा त्यांच्या स्वागतास जरीच्या पोशाखात हा मुलगा उभा होता. मे महिन्याच्या आरंभी तो कवळाण्याच्या शिवारात होता, हे त्याच्याकडे पाहणाऱ्या किती जणांच्या ध्यानी आले असेल?

राजपुत्राच्या शिक्षणासाठी इलियट या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, गणित, इतिहास, घोडेस्वारी, कसरत असा दिवसभराचा कार्यक्रम असे. बाराव्या वर्षी श्रीगणेशा करणाऱ्या मुलावर किती ताण पडला असेल, याची कल्पना शिक्षक असलेल्या वाचकांना सहज करता येईल. राज्यकारभार तोपर्यंत त्रावणकोर आणि इंदूर येथे नाव कमावलेले सर टी. माधवराव पाहात होते. त्यांनी खजिना सावरला, न्यायालये बसवली, महसुलाची घडी घातली. १८८१ मध्ये त्यांनी तरुण राजाला राज्यशास्त्रावर व्याख्याने दिली, ती पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राजाने मर्यादेत राहावे, रयतेचे हित पाहावे, आणि सार्वभौम सत्तेशी कलह ओढवून घेऊ नये, असा त्यांचा एकूण रोख. पैकी दोन उपदेश सयाजीरावांनी पाळले, तिसरा मात्र त्यांना नेहमीच जड गेला.

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. 'पूर्ण' हा शब्द येथे जपून वाचावा. फौज वाढवता येत नव्हती, दुसऱ्या राज्याशी करार करता येत नव्हता, मोठ्या नेमणुकांवर रेसिडेंटची नजर असे, आणि मल्हाररावांचे उदाहरण तर घरातलेच होते. जो हात गादीवर बसवतो तोच खाली ओढू शकतो, हे या राजाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मग उरले काय? उरली रयत. तिला शिकवावे, तिच्यासाठी कायदे करावेत, तलाव बांधावेत, याला रेसिडेंट सहसा हरकत घेत नसे. सयाजीरावांनी राजकारण केले ते या मोकळ्या ठेवलेल्या दारातून. केवळ दयाबुद्धीने हे घडले असे म्हणणे मला अपुरे वाटते. ज्या राजाला तलवार उपसता येत नाही त्याने आपले राज्य इंग्रजी मुलखापेक्षा चांगले चालते हे दाखवून द्यावे, हाही एक प्रकारचा सामनाच होता.

त्यात शिक्षणाचा अध्याय सर्वांत मोलाचा. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. काही वर्षे तो पारखून १९०६ मध्ये साऱ्या राज्याला ती सक्ती लागू करण्यात आली: मुलांसाठी सात ते बारा वर्षे, मुलींसाठी सात ते दहा. मुलींसाठी! त्या काळी इंग्रज सरकारच्या ताब्यातील विस्तीर्ण मुलखात मुलांसाठीसुद्धा अशी सक्ती नव्हती. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या शाळांच्या हकीकती ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना यातील अडचण निराळी सांगायला नको. गुरे कोणी राखायची, धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे, पेरणीच्या दिवसांत घरातला एक हात कमी कसा करायचा? बडोद्याच्या शेतकऱ्याने हेच प्रश्न विचारले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दंड होई, आणि असे दंड पुष्कळ झाले. गरिबाकडून दंड घेऊन शिक्षण वाढवावे की नाही, यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच अस्थानी नव्हती. तरीही एका पिढीत खेडोपाडी शाळा उभी राहिली, हे नाकारता येत नाही.

नामदार गोखल्यांनी १९१०-११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीची मागणी केली तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाती होता. एका हिंदी संस्थानाला जे जमते ते बलाढ्य साम्राज्याला का जमू नये, या प्रश्नाला सरकारपाशी उत्तर नव्हते, मते मात्र होती. मार्च १९१२ मध्ये गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेले. शिक्षण हा देशातील प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क आहे असे आपल्या संविधानात लिहिले जाण्यास २००२ साल उजाडले, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीच्या प्रयोगानंतर एकशे सतरा वर्षांनी.

शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरते, हेही महाराजांच्या ध्यानी आले होते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावले. गावाने वर्गणी जमवली तर प्रांत पंचायतीने आणि सरकारने आपापली भर घालावी, या तत्त्वावर गावोगावी वाचनालये निघाली. जेथे तेही शक्य नव्हते तेथे कुलूपबंद लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरत. तंत्रशिक्षणासाठी १८९० मध्ये कलाभवन निघाले; १९०८ मध्ये बँक ऑफ बरोडा स्थापन झाली; आजव्याचा तलाव बांधून राजधानीला नळाचे पाणी देण्यात आले. बालविवाहास बंदी करणारा कायदा १९०४ चा. राज्यकारभारातील शब्दांचा आठ भाषांतील कोश १९३१ चा. कोल्हापूरच्या १९३२ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान या राजाने भूषवले. बाराव्या वर्षापर्यंत ज्याला धड अक्षरे ठाऊक नव्हती, त्याने ते भूषवावे यात काही औचित्य होते.

स्तुती येथे थोडी आवरली पाहिजे. लक्ष्मीविलास राजवाडा १८८० ते १८९० या दशकात उठला तो याच रयतेच्या पैशातून, आणि महाराजांचे प्रदीर्घ परदेशप्रवासही त्याच खजिन्यातून झाले. संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत 'छप्पनिया' नावाने अजून सांगितला जातो. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे राज्याची लोकसंख्या सुमारे चोवीस लाख होती. १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. सगळेच मेले असे नव्हे, काही देशोधडीला लागले. दुष्काळाचा तडाखा शेजारच्या इंग्रजी जिल्ह्यांनाही बसला होता. पण आदर्श म्हणून गौरवलेल्या राज्यातही माणसे वाचवता आली नाहीत, हे त्या दोन आकड्यांतून दिसते आणि गौरवग्रंथांत ते सहसा चटकन ओलांडले जाते.

सार्वभौम सत्तेशी खटके उडतच होते. संस्थानिकांनी परवानगीवाचून परदेशी जाऊ नये, असे लॉर्ड कर्झनचे फर्मान १९०० मध्ये निघाले. सयाजीरावांना ते अपमानास्पद वाटले. अरविंद घोष १८९३ पासून तेरा वर्षे बडोद्याच्या सेवेत होते. पुढे ते क्रांतिकारक म्हणून गाजले तेव्हा महाराजांवरचा संशयही वाढला. मग १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार आला. पंचम जॉर्ज बादशहापुढे प्रत्येक संस्थानिकाने पूर्ण पोशाखात जाऊन मुजरा करावा आणि पाठ न दाखवता मागे सरावे, असा नियम होता. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, हाती छडी घेऊन गेले, एकदा मान लववली आणि वळून चालू लागले. चित्रपटाच्या यंत्राने ते टिपले. लंडनची वर्तमानपत्रे खवळली, गादी काढून घेण्याची भाषा सुरू झाली. महाराजांनी व्हाइसरॉयकडे खुलासा पाठवला की गोंधळून चूक झाली, अवमानाचा हेतू नव्हता. हेतू होता की नव्हता? इतिहासकार अजून वाद घालतात. मला त्या खुलाशाचे अधिक मोल वाटते. जगातील अत्यंत श्रीमंत माणसांत गणला जाणारा राजा चार पावले चुकीच्या दिशेने टाकल्याबद्दल पत्र लिहून गयावया करतो, त्या पत्रात मांडलिकपण जितके दिसते तितके तहाच्या कलमांत दिसत नाही.

आता ज्या प्रसंगाकडे मला विशेष लक्ष वेधावयाचे आहे तो सांगतो. अस्पृश्यांच्या मुलांसाठी बडोद्यात १८८० च्या दशकातच शाळा निघाल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे जाण्यास तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. या धोरणाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे भीमराव आंबेडकर. १९१३ मध्ये महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी अशी अट होती. कराराप्रमाणे १९१७ च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यास हजर झाले. त्यांना अर्थमंत्री करण्याचा महाराजांचा मानस होता, म्हणून प्रथम लष्करी सचिवालयात नेमले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच कागद टाकीत. शहरात जागा कोणी देईना. शेवटी नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले.

त्या संध्याकाळी ते दोन मित्रांकडे गेले. ही हकीकत आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि आपल्या वाचकांनी ती अवश्य वाचावी, कारण दोघांपैकी एक मित्र हिंदू होता आणि दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की पत्नी परगावी आहे, ती आली की तिला विचारतो. पती-पत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण कुळातील. धर्मांतरानंतर पती उदार झाला, पत्नीचे सोवळे सुटले नव्हते, असे आंबेडकरांना पुढे कळले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जे धुवून निघायला हवे होते ते धुतले गेले नव्हते. विलायती पदव्या घेतलेला तो तरुण अधिकारी कामाठी बागेत काही तास बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेला. महाराजांकडे गाऱ्हाणे गेले, त्यांनी दिवाणांकडे पाठवले, दिवाणांच्याने काही झाले नाही.

हिंदुस्थानातील अत्यंत पुरोगामी राजाची राजधानी, आणि त्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्याला त्या राजधानीत एक खोली मिळत नाही! सक्तीने मूल शाळेत आणता येते. शेजाऱ्याच्या घराचे दार हुकमाने उघडत नाही. मांडलिक राजाचे हात वरून इंग्रजांनी बांधलेले होते हे आपण वारंवार वाचतो. खालून समाजानेही ते बांधलेले होते. पुढे काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी १९३० मध्ये नाशकात सत्याग्रह झाला, आणि १९३५ मध्ये येवल्यास आंबेडकरांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. दोन्ही ठिकाणे कवळाण्याच्याच जिल्ह्यातील.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निवर्तले. त्रेसष्टहून अधिक वर्षे ते गादीवर होते. त्यांच्यामागे नातू प्रतापसिंहराव आले. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. आदल्याच दिवशी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली होती. पुढली अकरा वर्षे बडोदे आणि कवळाणे प्रथमच एका सरकारच्या अमलाखाली होते. १ मे १९६० रोजी भाषावार विभागणी झाली, बडोदे गुजरातेत गेले आणि कवळाणे महाराष्ट्रात राहिले.